काल काय शिजलं?

ईरा, नील,

दीड महिन्यापूर्वी सकाळी मी कणीक मळत असताना कमलच्या सुनेचा फोन आला. "मावशी, आई गेल्या… झोपेतच." मी काय बोलले, आठवत नाही. कणीक डब्यात भरली, सवयीने झाकणावर तारखेची चिठ्ठी लावली, ओटा पुसला आणि तिच्या घरी गेले. संध्याकाळी फ्रीज उघडला, ती तारीख दिसली, आणि मी तिथेच खाली बसले.

तुम्ही सुट्टीत नाशिकला आलात की संध्याकाळी सातला जिचा फोन यायचा, ती ही कमलआजी. आम्ही दोघी एका धर्मादाय रुग्णालयात होतो. ती सिस्टर, मी आहारतज्ज्ञ. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, सगळं रकान्यांत बसवणारी. मधुमेहाच्या रुग्णांसाठी मी एक सुबक तक्ता केला होता : सकाळी दूध, अकराला फळ, दुपारी दोन वाट्या डाळ. कमलने तो हातात घेऊन बघितला. "छान झालाय हो मॅडम. लोक फ्रेम करून लावतील. पण खातील काय?" मला रागच आला. मी प्रत्येकाला "वेळेवर जेवता ना?" असं विचारत होतेच की. सगळे हो म्हणत आणि मी बरोबरची खूण करत असे.

हिराबाईच्या कागदावरही तशीच खूण होती. पेठ तालुक्यातली बाई, हंगामात पिंपळगावला द्राक्षाच्या कामाला जायची. हंगाम संपला की घरी. एका दुपारी तिच्या मुलीने तिला बेशुद्ध अवस्थेत आणलं. रक्तातली साखर अगदी तळाला गेली होती. सलाइनमधून साखर दिल्यावर तिने डोळे उघडले आणि आधी माझ्याकडेच बघितलं. "बाई, सुई येळेवर घेतली मी. जेवाया काय नव्हतं… पण सुई नाय चुकवली." शाबासकी मागावी तसं म्हणाली. माझ्या तक्त्यात लिहिलेलं होतं, इन्सुलिननंतर अर्ध्या तासाने जेवण. ती ते अर्ध्या तासानंतरचं जेवण सोडून बाकी सगळं करत होती.

त्या दिवशी कमल मला टाकून काही बोलली नाही. तिने हिराबाईला पेज भरवली आणि मग माझ्या टेबलाशी येऊन बसली. "मॅडम, जेवलात का म्हटलं की हो म्हणायचं, ही आपली रीतच आहे. उपाशी माणूस तर आधी हो म्हणतो. काल घरात काय शिजलं, ते विचारा. मग माणूस अडखळतो." दुसऱ्या दिवसापासून आम्ही तसं विचारू लागलो. कितीजण अडखळले… कोणी छताकडे बघायचं, कोणी मुलाच्या डोक्यावरून हात फिरवत राहायचं.

मग केसपेपरवर तो प्रश्न छापून घेण्यासाठी आणि औषधांबरोबर शिधा देण्यासाठी ती मोठ्या डॉक्टरांकडे गेली. मी सोबत होते, पण बोलली तीच. "सिस्टर, हे काय दवाखान्याचं काम आहे?" "साहेब, गोळी जेवणानंतर घ्या असं तुम्हीच लिहिता ना? मग त्या जेवणाचंही लिहा." कित्येक खेपा घातल्यावर साहेब तयार झाले. नागली, तूरडाळ, शेंगदाणे, आणि साखर एकदम उतरली तर तोंडात टाकायला गुळाचा खडा. पिशवी औषधांच्याच खिडकीतून द्यायची, हा कमलचा हट्ट. "वेगळी रांग लावली तर लाजेने कोणी येणार नाही. औषध घ्यायला कोण लाजतंय?" पहिली पिशवी हिराबाईने नेली. पुढे ती कितीतरी वर्षं तपासणीला येत राहिली, आणि मी विचारायच्या आधीच, काल काय शिजलं ते सांगायची.

तुमचे आजोबा गेल्यावर मी एकटीसाठी कुकर लावायचं हळूहळू सोडून दिलं. कमलने फोनवर "जेवलात का?" असं कधीच विचारलं नाही. "बोला मॅडम, काय शिजलं?" मी म्हणायचे, "आमटी-भात." "आमटी कसली?" मी अडखळायचे. "लावा कुकर. मी धरलाय फोन." आणि शिट्टी ऐकू येईपर्यंत ती खरंच फोन ठेवत नसे.

आता सात वाजतात आणि फोन तसाच पडून असतो. दर रविवारी तुम्ही त्या स्क्रीनवरून इतक्या मायेने विचारता, "आजी, जेवलीस का?" आणि मी हो म्हणते.

बाळांनो, पुढच्या रविवारी तसं विचारू नका.