फुंकायला तिसरा

फुफ्फुस बदलून दुसरं वर्ष चालू होतं. रोज सकाळी एका छोट्या यंत्रात जोर लावून फुंकायचं, की आकडा फोनवरून थेट पुण्याच्या डॉक्टरबाईंना दिसायचा. तो आकडा घसरायला लागला होता. कुसगावचा चढ चढताना मी मध्येच थांबायचो आणि फोन आल्यासारखं करायचो. बायकोला सांगितलं नाही. ऑक्सिजनचं मशीन परत दिल्यापासून कुठे तिला झोप लागू लागली होती, ती मला मोडवेना.

त्याच सुमारास आंदर मावळातून थोरला भाऊ आला. भैरोबाच्या आरतीला शंख वाजवणारा माणूस. बायको बाजारात गेलेली. मी यंत्राची नळी बदलली आणि ते त्याच्यापुढे धरलं.

"दादा, फुंक की जरा."

"म्या? मला काय झालंय?"

"गंमत बघू."

गंमत झालीच. दुपारी बाईंचा फोन आला, तो बायकोनं उचलून स्पीकरवर टाकला.

"आज कोणी फुंकलं? एवढा दम तर माझ्यातही नाही."

भावानंच सांगून टाकलं, "म्या फुकलंय, बाई. चुकलं का काय?"

"अहो, दुसऱ्याच्या फुफ्फुसावर जगताय, आणि फुंकायला तिसरा आणलात?" बाई मला म्हणाल्या.

तो दुसरा कोण, मला ठाऊक नाही. त्याच्या घरच्यांनी ऐन रडायच्या वेळी होकार दिला होता, आणि त्यांचं देणं माझ्या हातून वाया चाललंय, याची मला मरणापेक्षा लाज वाटत होती. त्या दिवशी बायकोसमोर सगळं ओकलो. ती म्हणाली, "चढावरच तुम्हाला एवढे फोन कोण करतं, ते मला कळत नव्हतं होय?"

तपासण्या झाल्या. शरीर नवं फुफ्फुस हळूहळू नाकारू लागलं, की कधी ते आक्रसून ताठ होतं, कधी आतल्या बारीक नळ्या अरुंद होऊन हवा बाहेर पडताना अडते. माझं हे दुसरं निघालं, त्यातल्या त्यात बरं. "यात तुमचा दोष नाही," बाई म्हणाल्या. "लपवलंत, तेवढाच." औषधं बदलली. गेलेला दम परत आला नाही, पण घसरण थांबलीय. चढावर आता उघड थांबतो. बायकोही थांबते.

भावाचा अजून सकाळी फोन येतो.

"आज कुनी फुकलं?"

"मीच, दादा."

"मंग बेस. मला हितं शंख हाय."