ओवाळणीत मिळालेली दोरी

क्वाड म्हणजे काय, हे मला पहिल्यांदा सासूबाईंना समजावून सांगावं लागलं. म्हणलं, चार चाकांची मोटरसायकल. हँडल मोटरसायकलसारखं, बसायचं घोड्यावर बसल्यासारखं, आणि टायर ट्रॅक्टरच्या पिल्लाला शोभतील असे. त्या म्हणाल्या, चार चाकं हायेतच तर वर छत टाकून जीपच का करत नाही? पण दर रविवारी सिडकोतलं घर आवरून मी पडेगावला माहेरी का पळते ते त्यांना त्या दिवशी कळलं, आणि त्यांनी मला कधी अडवलं नाही. हे मुद्दाम सांगून ठेवते, कारण पुढं माझ्यासोबत जे झालं ते सासरच्यांनी केलेलं नाही.

पडेगावला वडिलांचं शेड आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतात, मोडलेल्या जोडून देतात. मी त्या शेडातच मोठी झाले, आयटीआयला टर्नर केलं, आता वाळूजला एका कंपनीच्या टूलरूममध्ये लेथवर असते. माझ्या पाठचा भाऊ शेड सांभाळतो. तर हा पठ्ठ्या एक दिवस टेम्पोत घालून भंगारातून एक रेसिंगचा क्वाड घेऊन आला. फ्रेम सरळ होती, पण इंजिनाचा रॉड पोट फोडून बाहेर आलेला. वडील म्हणाले, ह्याचं काय लोणचं घालतो का? भाऊ नुसता हसला. महिन्याभरानं त्यानं आणखी एक धूड आणलं. रेसची डर्ट बाईक, कुणीतरी आपटून फ्रेम मोडलेली, इंजिन मात्र ठणठणीत. मग मला फोन केला. म्हणाला, "ताई, ह्याचं इंजिन त्याला बसवायचं. तू असलीस तरच होईल, नायतर दोन्ही भंगारात देतो."

असं म्हणल्यावर मी कशाची थांबते!

आता दोन चाकांचं इंजिन चार चाकांच्या पोटात बसवणं म्हणजे दुसऱ्याची चोळी अंगात घालणं. ते बसत नसतंच, बसवावं लागतं. इंजिन फ्रेमला धरायच्या पट्ट्या मी आधी मिठाईच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून कापल्या, लावून बघितल्या, मग लोखंडात कापल्या. आम्ही मोठ्या जोशात वेल्डिंग मारलं, चेन चढवली, आणि वडिलांनी येऊन चेनच्या पुढच्या दातेरी चाकापासून मागच्या दातेरी चाकापर्यंत नुसता एक दोरा ताणला. ट्रॉलीचा आस ते असाच तपासतात. दोरा मागच्या चाकाला एका बाजूनंच टेकत होता. चेन तिरकी होती, पहिल्याच रपाट्यात उतरली असती. वडिलांनी दोरा गुंडाळून खिशात घातला आणि चहाला गेले. भाऊ डोकं धरून बसला. मी त्याला चार शिव्या घातल्या, चार स्वतःला घातल्या, आणि ग्राइंडर घेऊन सगळं कापून काढलं.

इंजिन डावीकडं सरकवलं तर सायलेन्सरचा पाइप फ्रेमला घासायला लागला. पाइप वळवला तर किकचा दांडा पायदानावर आपटायला लागला. दांडा तापवून मी थोडा बाहेर वाकवला. रिव्हर्स तर नव्हताच, डर्ट बाईकला नसतो, मागं घ्यायचं तर उतरून ढकलायचं. आणि बटण स्टार्टही नाही, नुसती किक. पण ते सगळे रविवार माझे होते हो. दुपारी आई शेडातच भाकरी घेऊन यायची, आम्ही बहीणभाऊ ग्रीसच्या हातानं खायचो, तो मला चिडवायचा की भाऊजींना सांगतो तुमची बायको इंजिन ऑइलवर जगती. लग्नानंतर माहेरी पाहुणी म्हणून जाते बाई. मी कामाला जात होते, आणि मला त्याचाच लई आनंद होता.

इंजिन पहिल्यांदा पेटलं तेव्हा शेडाचे पत्रे थरथरले. भावानं मला उचलून गरकन फिरवलं. मागच्या मुरुमाच्या मैदानात आधी त्यानं चालवला. त्याचा खांदा मागं एकदा निखळलेला, वळणावर तो घाबरून सगळं अंग आखडून घ्यायचा. मग मी बसले. लहानपणी ट्रॅक्टर चालवलेला, त्याचं भ्या नव्हतं. क्वाड वळणावर आडवा सुटतो, तेव्हा अंग आत टाकायचं आणि हँडलची रेस सोडायची नाही, हे मला कुणी शिकवलं नाही, माझ्या अंगानंच धरलं. उतरले तेव्हा भाऊ म्हणाला, "माझ्याच्यानं हे व्हायचं नाय. रेस तू मारायची."

संक्रांतीनंतर दौलताबाद रोडच्या पलीकडं माळावर मातीतली रेस होती. त्यात क्वाडची एक फेरी होती. मी म्हणलं, मस्करी नको करू. तो म्हणाला, मस्करी करतो का ते भाऊबीजेला बघ.

भाऊबीजेला तो सिडकोत आमच्या घरी आला. मी पाट मांडला, टिळा लावला, ओवाळलं. त्यानं खिशातून क्वाडची दोरी काढली आणि ताटात ठेवली. पिवळी, वेटोळ्या-वेटोळ्याची, एका टोकाला मनगटात बांधायचा पट्टा, दुसऱ्या टोकाला प्लास्टिकची टोपी. रेसच्या क्वाडला चावी नसते. ती टोपी स्विचवर बसवल्याशिवाय इंजिन पेटत नाही, आणि चालवणारा पडला तर दोरीच्या ओढीनं टोपी निघते, इंजिन बंद पडतं. ती दोरी म्हणजेच चावी. भाऊ म्हणाला, "ताई, ही तुझी ओवाळणी. रेस तुझी."

माझे मालक टाळ्या वाजवायला लागले. मी पट्टा मनगटात बांधला आणि तसाच बांधून पुऱ्या तळल्या. सासूबाई म्हणाल्या, अगं तेलात जळल ती. मी काढली नाही.

मग मी बूट घेतले, गुडघ्याचे पॅड घेतले, हेल्मेट घेतलं. रविवारी मैदानात फिरायचे, चेहरा लाल मातीनं असा व्हायचा की घरी दारात माझी मुलगी मला ओळखायची नाही. ह्याच दिवसांत भावाचं लग्न ठरलं. मुलगी गुणाची, घर खुलताबादकडचं, मोठं, जमीनजुमला असलेलं. तिचा भाऊ साखरपुड्यानंतर शेडात आला, क्वाड बघितला, दोनदा मैदानात फिरवला. "दाजी, काय चीज बनवली," म्हणाला. मी तिथंच पान्हा घेऊन उभी होते. माझ्या भावानं कॉलर सारखी केली आणि मान हलवली. मला वाटलं, नव्या सोयऱ्यापुढं मिरवतोय, मिरवू दे.

त्यानंतर भाऊ रविवारी शेडात सापडेना. कधी खरेदीला, कधी सोयऱ्यांकडं. फोनवर विचारलं की रेसला माझं नाव टाकलं का, तर म्हणायचा, टाकलं, काळजी करू नको. मी कशाला काळजी करते? भाऊ होता माझा.

संक्रांतीला भावाची ठरलेली मुलगी तिळगूळ घेऊन आमच्याकडं आली. पाया पडली, गोड बोलली, आणि जाता जाता माझा हात धरून म्हणाली, "ताई, तुम्ही भिऊन नाव मागं घेतलं ते बरंच केलं. लेकरंबाळं असलेल्या बाईनं कशाला जीव धोक्यात घालायचा? माझा भाऊ चालवणार हाय ना."

तिळगूळ माझ्या तोंडात होता. मी तो गिळला आणि तिला रिक्षापर्यंत सोडून आले. तिच्या मनात काळं नव्हतं, तिला जे सांगितलं ते ती बोलली. सांगणारा माझा भाऊ होता. रेस दुसऱ्याला दिली, ते एक. पण मी भ्याले म्हणून सांगितलं! ज्यानं मला वळणावर आडवं जाताना बघितलं, त्यानं!

त्याला फोन लावला, उचलला नाही. रिक्षा करून पडेगावला गेले. तो नव्हता, वडील होते. त्यांनी वेल्डिंगचा चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "सोयरीक नवी हाय. त्यांच्या पोरानं हौसेनं मागितलं, नाय कसं म्हणायचं? एक रेस तर हाय. तू काय, घरचीच हायेस."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आमच्याकडं मुलीकडचे मुलाकडच्यांपुढं वाकतात, इथं मोठं घर बघून गंगा उलटी वाहायला लागलेली. आणि मी घरची? पट्ट्या कापताना घरची, हक्क मागताना सासरची, आणि हिसकावून घेताना परत घरची? एवढं सगळं मी वडिलांना तोंडावर बोलले. त्यांनी चष्मा खाली ओढला.

रिक्षात बसल्यावर मात्र मला एक गोष्ट आठवली आणि जरा धीर आला. दोरी माझ्याकडं होती. दोरीशिवाय क्वाड पेटत नाही. म्हणजे भावाला माझ्या दारात यावंच लागणार, माझ्या डोळ्यात बघून मागावंच लागणार. मी ठरवून टाकलं की आला आणि खरं बोलला तर देऊन टाकीन. खरंच दिली असती. मला तेवढंच हवं होतं. रोज संध्याकाळी जिन्यात पाय वाजले की वाटायचं, आला.

आला नाही.

रेसच्या दिवशी मी मालकांना घेऊन माळावर गेले. दोरी पर्समध्ये. वाटलं, आता तरी पळत येईल. कठड्यापाशी पोचले तर आमचा क्वाड सुरू होता, आणि सोयऱ्यांच्या त्या पोराच्या मनगटात कोरी लाल दोरी होती. बाजारात मिळते ती, कुणालाही मिळते. मला टूलरूममध्ये एवढी वर्षं झाली, आणि ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मी उगाच पर्स छातीशी धरून उभी होते.

सुटायच्या आधी त्या पोरानं इंजिन बंद पाडलं. किकवर किक मारायला लागला, वर हँडलची रेस पिळत होता. गरम इंजिन असं पेटत नाही, पेट्रोल पिऊन गपगार पडतं. बाकीचे क्वाड घुरघुरत उभे, पंच घड्याळ बघतोय. आणि माझा भाऊ कठड्याच्या कडेनं पळत माझ्याकडं आला. मी आलेय ते त्याला आधीपासून दिसलं होतं म्हणजे.

"ताई, घेत नाय गं ते. ये ना जरा."

मालक म्हणाले, जायचं नाही. मला पण जायचं नव्हतं. पण ते इंजिन चुकीच्या किकांनी नुसतं खोकत होतं आणि मला ते ऐकवेना. गेले. त्या पोराला रेसवरचा हात काढायला लावला. दांडा हळूहळू दाबत नेला, जिथं अडला तिथं थांबले, केसभर पुढं घेतला, आणि एकच पूर्ण किक मारली. पेटलं. पोरगा मान वळवून न बघता लाइनीला गेला.

पंचांनी विचारलं, ह्या कोण? भावानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. अगदी कौतुकानं म्हणाला, "माझी बहीण. चालवायचं भ्या वाटतं हिला, पण किक लई भारी मारती."

माझ्या देखत. मी त्याच्याकडं बघितलं, तर तो धुळीकडं बघत होता. मी त्याचा हात खांद्यावरून काढला आणि मालकांना म्हणलं, चला. रेसमध्ये ते पोरगं कितवं आलं ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

लग्नात मी करवली म्हणून मिरवले, सगळं केलं, लोकांना बोलायला जागा ठेवली नाही. पडेगावला रविवारी जाणं मात्र सुटलं. आई फोनवर रडायची, मी म्हणायचे, मुलीची परीक्षा हाय.

यंदाच्या भाऊबीजेला तो जोडीनं आला. मी पाट मांडला, टिळा लावला, सुपारी फिरवली, ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली. मी त्याचा हात धरला आणि तळहातावर ती पिवळी दोरी ठेवली.

तो चपापला. हळूच म्हणाला, "ताई, हे काय? ओवाळणी कुणी परत देतं का?"

"देत नाहीत," मी म्हणलं. "परत घेतपण नाहीत."

भावजय वाकून बघत होती. तिनं विचारलं, कसली दोरी हो ही? मी म्हणलं, नवऱ्यालाच विचार, तो सांगल. आणि पुऱ्या तळायला म्हणून आत गेले. कढई ठेवली, तेल ओतलं, पण गॅस पेटवला नाही. गॅसच्या आवाजात बाहेरचं ऐकू येत नाही म्हणून. त्याला अजून एक संधी होती. त्यानं एवढंच म्हणायचं होतं की ही ताईची, रेस तिची होती, ती भ्यालेली नव्हती. बायकोपुढं एकदा.

बाहेर पाट सरकला. मग त्याचा आवाज आला.

"काय नाय गं. जुनी हाय, बदलली आता."

मी गॅस पेटवला.