बांधावरचा तरवड

तानुबाईच्या सासूला, राहीबाईला, नवरात्रात घटावर तरवडाच्या पिवळ्या फुलांचीच माळ लागायची, आणि यंदा साऱ्या वस्तीत तरवड फुलला होता तो फक्त तानुबाईच्या बांधावर.

कवठे महांकाळकडच्या त्या कोरड्या शिवारात तिनं तो हट्टानं लावला होता. बांधावरची झुडपं तोडल्यापासून भुंगे, मधमाश्या फिरकेनात आणि तिच्या डाळिंबाची फुलं फळ न धरताच गळायची. मग भुंगे परत यावेत म्हणून मेंढरांमागं फिरताना तिनं लांबच्या माळरानावरच्या तरवडाच्या शेंगा वेचल्या, टणक बी दगडावर घासून, कोमट पाण्यात भिजवून बांधाला टोचलं. पाणी घातलं ते पहिल्या उन्हाळ्यापुरतं. मेंढरं तरवडाला तोंड लावत नाहीत, त्यामुळं त्यांची काळजी नव्हती. काळजी माणसांची होती. माळेसाठी फुलं मागायला आलेल्या बायांना तिनं वाटेवरूनच परतवलं, दोघींशी तर कडाकडा भांडली. पण सासूला कोण अडवणार?

घट बसायच्या सकाळी राहीबाई परडी घेऊन बांधाकडं गेली. तानुबाई चुलीपुढं जीव मुठीत धरून बसली.

म्हातारी परतली तेव्हा परडी रिकामी होती.

"आवं आत्या, फुलं?"

"फुलाफुलावर भुंगं जेवाय बसल्यात," राहीबाई फणकारली. "जेवणाऱ्याला भरल्या ताटावरनं उठवून देवीला माळ घालू व्हय? विड्याची पानं काढ, त्येचीच करू."

तानुबाईच्या उरावरचा धोंडा उतरला. ती पानं घेऊन बाहेर आली, तर म्हातारी हातात काठी घेऊन, बांधाकडं तोंड करून उंबऱ्यावर बसली होती.