मुलाखतीचा कोट

मला अभिनय जमत नाही, हे मला चार प्राध्यापकांसमोर कळलं.

अल्पसंख्याक समाजातली मुलं विज्ञान आणि इंजिनीअरिंगकडे फारशी येत नाहीत, म्हणून एका विद्यापीठाने स्कॉलरशिप काढली होती. आम्ही बौद्ध. मी अर्ज केला आणि मुलाखतीचं बोलावणं आलं. मिळाली तर एम.एस्सी. फिजिक्स, नाही मिळाली तर मंडईजवळच्या दुकानात मोबाइलची कव्हरं विकायची. दुकानदाराने माझ्या टी-शर्टचा साइजही विचारून ठेवला होता.

बाबा मार्केट यार्डात हमाल. बोलावणं आल्याचं कळताच ते मला शिंप्याकडे घेऊन गेले आणि निळा कोट शिवायला टाकला. आमच्या वस्तीत महत्त्वाच्या कामाला माणूस कडक इस्त्रीतच जातो. घरोघरी भिंतीवरच्या फोटोत निळा सूट असल्यावर दुसरं काय होणार? आमचा शिंपी एरवी बँडवाल्यांचे गणवेश शिवायचा, त्यामुळे कोटाला सोनेरी बटणं आली. जरा जास्तच आली.

आत्याने कोट बघून कपाळाला हात लावला. "हा घालून गेलीस तर तेच तुझ्याकडे वर्गणी मागतील. जुना ड्रेस घाल. गरीब दिस जरा."

"आपण भीक मागायला चाललोय का?" बाबा म्हणाले आणि विषय संपला.

मला दोघांचंही पटलं. दोघांचंही पटलं की मी हमखास गाढवपणा करते. कोट घालून बाबांबरोबर निघाले, बॅगेत विटका ड्रेस. बाबांना गेटबाहेर चहाच्या टपरीवर बसवलं, आत बाथरूममध्ये कपडे बदलले, कोट बॅगेत कोंबला आणि केसही थोडे विस्कटले. आरशात मी गरीब कमी आणि आजारी जास्त दिसत होते.

समितीतल्या मॅडमनी मला बघताच पाण्याचा ग्लास पुढे केला.

"फिजिक्सच का?" त्यांनी विचारलं.

"घरची परिस्थिती," मी खोल आवाजात म्हणाले.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाल्या, "घरचं कोणी आलंय का? आम्ही पालकांशीही दोन शब्द बोलतो."

हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शिपाई बाबांना घेऊन आला. पांढरा इनशर्ट, पॉलिश केलेले बूट. ते दारातच थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मॅडम," बाबा शांतपणे म्हणाले, "हिला जरा वेळ द्या. कोट घालून येईल, मग काय विचारायचं ते विचारा."

कोणी हसलं नाही. मी चुरगळलेला कोट घालून परत आले. मॅडमनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. आता सोंग करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. म्हटलं, यार्डाबाहेरचा रसवाला बर्फाच्या लादीवर भुसा टाकतो. भुशाने बर्फ उशिरा का वितळतो, हे लहानपणी मला कोणीच सांगेना, तेव्हापासून हा नाद लागला. मग उष्णतेवर प्रश्न आले, मी बोलत सुटले, आणि अंगात कोट आहे हेही विसरले.

परतीच्या बसमध्ये बाबांनी दोन तिकिटं काढली. मग तळहाताने माझ्या बाहीच्या सुरकुत्या दाबत म्हणाले, "दारातून मला तू ओळखूच आली नाहीस."

मी खिडकीकडे तोंड करून रडले.

स्कॉलरशिप मिळाली. वस्तीतल्या विहारात सत्कार ठरला आणि मी तोच कोट घातला, या वेळी इस्त्री करून. विहाराबाहेर मिरवणुकीसाठी बँड आला होता. त्यातल्या एकाने माझ्या बटणांकडे निरखून बघितलं आणि विचारलं, "तू काय वाजवतेस गं?"

मी काही बोलायच्या आत शेजारून बाबा म्हणाले, "फिजिक्स."