पंधरावी काठी

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. टाळायच्या माझ्या दोन तऱ्हा होत्या. कुणी विषय काढला की मला दुधाची गाडी यायची वेळ आठवायची, नाहीतर रक्तदाबाची गोळी. निवृत्त झालो तेव्हा गाडीचं निमित्त गेलं. आता डॉक्टरांनी गोळीही सकाळची करून टाकली. संध्याकाळच्या पारावर मी अगदीच उघडा पडलो. म्हणून लिहितो.

मी आमच्या गावच्या दूध संस्थेचा सचिव होतो. गाव घाटनांदूरच्या अलीकडं. दसरा झाला की निम्म्या गावाला कुलूप लागतं, माणसं कोयते घेऊन ऊसतोडीला जातात. माझा शाळेतला जोडीदार त्यांतलाच. चौथीपर्यंत आम्ही एका बाकावर होतो, मग मी पाचवीत गेलो आणि तो फडात. मोळ्या मोजण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. गाडी भरताना बाकीचे मोजत मोजत भांडायचे. हा बाजूला तंबाखू मळत बसायचा आणि शेवटी आकडा सांगायचा. कुणाला पटलं नाही तर पुन्हा मोजायचे, आणि त्याचाच आकडा निघायचा. हे लक्षात असू द्या. पुढं गावाला ते विसरायला मीच लावलं.

एका हंगामाच्या शेवटी पुण्याकडच्या एका गोल्फच्या मैदानावर गवत कापायला माणूस हवा होता. हा तिथं राहिला. गावी आला की सांगायचा, "लई वाईट वाटतंय गड्या. एवढं हिरवं गवत कापायचं, आन एका म्हशीच्या तोंडात जात न्हाई." त्याची पोरगी झुडपांतले हरवलेले चेंडू गोळा करायची. मग कुणीतरी टाकून दिलेल्या काठीनं ते मारायला लागली. तिथल्या एका मास्तरांच्या नजरेत भरली. पोरगी मोठी झाली, देशात नाव झालं, आणि ज्या साली आमच्याकडं पाणी टँकरनं आणि जनावरं छावणीत होती, त्याच साली तिची निवड झाली. बऱ्याच देशांच्या सगळ्या खेळांची मोठी स्पर्धा आपल्याच देशात भरणार होती आणि त्यात बायकांच्या गोल्फमध्ये आमची पोरगी एकटी खेळणार होती. तिची पिशवी खांद्यावर घेऊन सोबत चालणारा माणूस, ज्याला कॅडी म्हणतात, तो म्हणजे तिचा बाप.

संस्थेची सभा बसली. विषय एकच. चेअरमन म्हणाले, "शाल-नारळ कुणीबी देतंय. आपुन काठी देऊ."

ठराव एकमतानं पास झाला: संस्थेतर्फे कन्येस एक काठी भेट द्यावी, ती स्पर्धेच्या मैदानात न्यावी व तिथला फोटो कार्यालयात लावावा. लोहारानं नांगराचा जुना फाळ ठोकून त्याचं डोकं केलं, दांडा बाभळीचा. वजन एवढं, की ती काठी पाहून कुणालाही चेंडूची दया यावी.

दसऱ्याला आमच्याकडं तोडकरी कोयत्याची पूजा करतात. पूजलेला कोयता घरी ठेवून जात नाहीत. वापरायचा नसला तरी गाडीत टाकतात, नाहीतर तो रुसतो म्हणतात. त्या वर्षी कोयत्यांच्या रांगेत ती काठीही मांडली. तेल लावलं, हळद-कुंकू वाहिलं. आता ती घरी राहणं शक्यच नव्हतं. न्यायचं काम सचिवाकडं आलं. चेअरमननी बजावलं, "काठी मैदानात गेली न्हाई तर तुमीबी गावात येऊ नका."

परळीहून रेल्वेत बसलो, काठी धोतरात गुंडाळून. शेजारच्या बाईनं दोनदा विचारलं, "पेशंट कोण हाय?" तिला कुबडी वाटली होती.

मुक्कामी पोचलो तेव्हा पोरीनं काठी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि परत दिली. "काका, गावात जाऊन घेते मी ही. पिशवीत चौदाच चालतात. जास्त झाली की शिक्षा."

मी मान हलवली. पण खरं सांगतो, तो आकडा माझ्या डोक्यात शिरलाच नाही. आमच्याकडं नऊ सीटच्या काळ्या-पिवळ्या जीपमध्ये अठरा माणसं बसतात, वर दोन शेळ्या. ड्रायव्हर म्हणतो "जागा न्हाई" आणि सगळे सरकतात. संस्थेच्या सभेत गणसंख्या भरली नाही तर ज्याला घरोघरी जाऊन सह्या आणाव्या लागतात, त्या माणसाला चौदा म्हणजे चौदाच हे कसं कळावं? मला वाटलं, चौदा म्हणतात म्हणजे पंधरा-सोळापर्यंत चालत असणार.

खेळ चार दिवसांचा. पहिल्या दिवशी एक परदेशी बाई काठी उचलून उभी होती, सगळीकडं चिडीचूप, आणि मी मोठ्यानं म्हणालो, "मार गं बाई!" तिनं मारला तो झाडीत. त्यानंतर 'शांत राहा' अशी पाटी घेतलेली एक मुलगी चारही दिवस फक्त माझ्याजवळ उभी राहिली.

मैदानात मधोमध तळं होतं. पाणी काठोकाठ, आणि त्याचं काम काय, तर चेंडू बुडवायचे. गवतावर फवारे सुरू. मी एका माळ्याला विचारलं, "रोज?" तो म्हणाला, "दिन में दो बार." आमच्या गावात तेव्हा आठवड्यातून दोन टँकर येत होते. मला उगाचच त्या माळ्याचा राग आला.

चेअरमनचा फोन रोज यायचा.

"किती झाले?"

"उणे पाच."

"उणे? आरं देवा. मग जीप पाठवू का आणायला?"

मी समजावलं की यात ज्याचे फटके कमी, तो पुढं. ठरवून दिलेल्यापेक्षा पाच कमी फटक्यांत भागवलंय तिनं. फोनच्या पलीकडं ते इतरांना सांगितल्याचं ऐकू आलं, आणि कुणीतरी म्हणालं, "कमीत भागवायचं? मग तर ह्यो आपलाच खेळ हाय की!"

तिसऱ्या दिवसाअखेर पोरगी तिसरी होती. म्हणजे पदकात. शेवटच्या दिवशी एवढंच टिकवायचं होतं.

आणि माझी काठी अजून धोतरातच होती.

जोडीदार आणि मी एकाच खोलीत उतरलो होतो. शेवटच्या दिवशी सकाळी त्यानं पिशवी ओसरीत उभी केली, एकेका काठीला बोट लावत मोजलं, जसं मोळ्यांना लावायचा तसंच. "चौदा," म्हणाला. मग मला म्हणाला, "बस यायलीय. जरा ध्यान ठेव, मी बाटलीत पाणी भरून येतो."

तो गेला. मी आधीच बघून ठेवलं होतं की मोठ्या काठ्यांच्या डोक्यांवर लोकरीच्या टोप्या असतात. नातवाची कानटोपी मी घरून आणली होती. ती फाळावर चढवली आणि काठी पिशवीत खोल सरकवली. जागा होत नव्हती. जीपमध्ये करतात तसं बाकीच्यांना जरा सरकवलं. झाली.

तो परत आला, पिशवी उचलली आणि म्हणाला, "आज कावून जड लागायलीय बे?"

"शेवटचा दिवस हाय," मी म्हणालो. "दडपण आसंल."

दिवसाचा खेळ अठरा होलांचा, म्हणजे अठरा खड्ड्यांचा. पहिले दोन होल चांगले गेले. तिसऱ्याला तिनं मोठी काठी काढायला हात घातला. हातात कानटोपी आली. हनुवटीखाली बांधायच्या बंदांसकट. खाली नांगराचा फाळ, त्यावर दसऱ्याचं कुंकू.

तिनं बापाकडं पाहिलं. बापानं काठीकडं पाहिलं, मग दोरीच्या अलीकडं उभ्या माझ्याकडं. मी आभाळाकडं पाहिलं. माझ्या बाजूची पाटीवाली मुलगीसुद्धा आभाळाकडं पाहायला लागली.

काठी झाडीत फेकून पुढं जाता आलं असतं. कुणी पाहिलं नव्हतं. पण पोरीनं हात वर करून पंचाला बोलावलं. पंचानं काठ्या मोजल्या. मग फाळाकडं बघत विचारलं, "ये क्या है?"

जोडीदार म्हणाला, "मैंने रखा. मेरी गलती, साहब."

दोन होल पंधरा काठ्यांनी खेळले, म्हणून होलाला दोन असे चार फटके तिच्या नावावर चढले. ती काठी बाद झाली आणि खूण म्हणून पिशवीत उलटी उभी केली. पुढचे सोळा होल बाभळीचा दांडा वर काढून ती मैदानभर फिरली. कुण्या वृत्तपत्रवाल्यानं त्याचा फोटोही काढला. म्हणजे ठरावाची अंमलबजावणी शब्दशः झाली.

पोरगी त्यानंतर जशी खेळली, तसं मी कधी पाहिलं नाही. एकेक फटका परत मिळवत आली. शेवटच्या होलावर पाटीवाली मुलगीच "कम ऑन!" म्हणून ओरडली आणि स्वतःच पाटी तोंडावर धरली. पोरगी चौथी आली. एका फटक्यानं.

बसमध्ये ती माझ्या पुढच्या सीटवर होती. एकदा मागं वळली. मला वाटलं आता बोलेल. "काका, जेवलात का?" म्हणाली.

गावात आलो तर चेअरमनसह सगळे फाट्यावर उभे. "काय झालं वो?" मी रेल्वेत उत्तर तयार केलं होतं. म्हणालो, "मी काठी त्याच्या हातात दिलती. एक काढून ही घालायची आसं ठरलं होतं. त्यानं काढायची राहून गेली. मोजणीत चुकला."

एवढंच. आणि पुढच्या सभेच्या इतिवृत्तात माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, "कॅडीच्या मोजणीतील नजरचुकीमुळे पदक हुकले." खाली चेअरमनची सही, माझी सही.

गावानं त्याचं नाव 'पंधरा' ठेवलं. काम सुटल्यावर तो गावी येऊन राहिला तेव्हाही ते टिकून होतं. हॉटेलात बसला की कुणीतरी म्हणायचं, "पंधराला चहा दे रे. एकच दे, त्यो दोन मोजंल." तोही हसायचा. ज्याच्या आकड्यावर एकेकाळी गाड्या हलायच्या, त्याच्यासमोर पोरंसोरं बोटं मोजायची.

त्यानं दोन म्हशी घेतल्या. रोज सकाळी संस्थेत दूध घालायला यायचा. माझ्या टेबलामागं भिंतीवर तो फोटो होता, उलट्या काठीचा. तो रांगेत उभा राहून फोटो बघायचा आणि मी दुधाची फॅट मोजायचं यंत्र बघायचो. रोज ठरवायचो, आज बोलू. एकदा रांगेत तो एकटाच होता. मी म्हणालो, "गड्या, ते त्या दिवशीचं..."

त्यानं कॅन खाली ठेवली. "चौदा व्हत्या," म्हणाला. "मी मोजल्या व्हत्या."

आवाजात राग नव्हता. नुसती नोंद केल्यासारखं बोलला. आणि थांबला. मला चांगली सवड दिली त्यानं.

मी म्हणालो, "फॅट आज चार-दोन लागली."

"बरं," म्हणाला, आणि रिकामी कॅन घेऊन गेला.

मागच्या उन्हाळ्यात तो गेला. दहाव्याला पोरगी आली होती. आता ती लहान मुलींना शिकवते. नदीवर एक जण दुसऱ्याला हळूच म्हणाला, "पंधरा गेला." तिनं ते ऐकलं. मीही तिथंच होतो, तिच्याजवळ, हात जोडून. तेव्हाही मला आधी गोळी आठवली.

इतिवृत्ताची वही अजून संस्थेच्या कपाटात आहे. चेअरमन नवे आहेत. त्यांना मी हे पान देणार आहे, त्या पानाला चिकटवायला. पोरीलाही एक प्रत पाठवीन. पण जे त्याला त्या सकाळी, कॅन खाली ठेवून तो थांबला होता तेव्हा सांगायचं होतं, ते आता कुणाला सांगू? फार नव्हतं. गड्या, तुझी मोजणी बरोबर होती. पंधरावी मी घातली. माझं चुकलं.