वेताळवाडीच्या घाटातला तांब्या

सुनंदाच्या हृदयाची झडप बदलायची तारीख ठरली आणि ती हटून बसली. सुनंदा म्हणजे माझी बायको. तिचं माहेर सोयगावचं. तिचे वडील दर श्रावणात पैठणहून गोदावरीचं पाणी आणायचे आणि सोयगावजवळच्या रुद्रेश्वराच्या लेणीत पिंडीवर घालायचे. ते गेले आणि ते पाणीही थांबलं. आता सुनंदाचं एकच म्हणणं होतं, की बाबांचं पाणी देवाला पोचल्याशिवाय मी दवाखान्याची पायरी चढणार नाही. डॉक्टरांनी समजावलं, मुलगी पुण्याहून रजा काढून आली, तिनं समजावलं. मी तर दोन दिवस धुसफुसत होतो. देवाशी माझं काही वाकडं नव्हतं, पण फार येणंजाणंही नव्हतं. झडप खराब झालीय ती डॉक्टर बदलतील, यात महादेवाचा काय संबंध, हे मला कळत नव्हतं. पण रात्री तिला उताणं झोपता येत नाही, उशीला टेकून बसावं लागतं, हे मी रोज बघत होतो. शेवटी म्हटलं, जातो मी.

मी सायकलवाला माणूस. वाळूजच्या एका कारखान्यात मशीन दुरुस्त करतो आणि सुट्टीच्या दिवशी आडवाटेचे रस्ते शोधत फिरतो. तेव्हा सायकलवरच जायचं ठरवलं. सुनंदानं ते चालवून घेतलं, पण अटी घातल्या. पाणी प्लास्टिकच्या बाटलीत नाही, तिच्या माहेरच्या तांब्याच्या तांब्यात न्यायचं. आणि पैठणला भरल्यापासून पिंडीवर घालेपर्यंत तो तांब्या जमिनीला टेकवायचा नाही. "कठड्यावर ठेवलेला चालेल का?" मी विचारलं. "कठडा काय आकाशात असतो का?" ती म्हणाली. मला शंका काढायची खोड आहे. एखादी गोष्ट का चालते ते कळल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. म्हणून मी विचारत सुटलो, की जमिनीला का टेकवायचं नाही? सुनंदा म्हणाली, बाबा टेकवत नसत. पैठणच्या घाटावरचे गुरुजी म्हणाले, पावित्र्य जातं. बिडकीनला चहावाला म्हणाला, "टेकवलं की माणूस बसतो, आणि बसला की उठत नाय." हे मला त्यातल्या त्यात पटलं, पण पोट भरलं नाही.

हँडलला पुढं एक शिंकं बांधलं होतं, त्यात तांब्या. तोंडावर पान आणि वर फडकं. पैठणहून शहरात येईपर्यंत थेंबभर सांडलं असेल. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरी मुलीच्या पाळण्याचा हूक अजून छताला आहे. रात्री शिंकं त्याला टांगलं. सुनंदा उशांना टेकून त्याच्याकडे बघत बसली होती. पहाटे म्हणाली, बऱ्याच दिवसांनी डोळा लागला. तो रविवार होता. संध्याकाळी तिला दाखल करायचं, सोमवारी ऑपरेशन. म्हणजे मला पाणी घालून सोयगावहून दुपारची एसटी गाठायलाच हवी होती. ती चुकली तर दाखल करणं चुकणार, आणि ही तारीख गेली तर सुनंदा पुन्हा तयार होईल याची मला खात्री नव्हती.

अंधारातच निघालो. सिल्लोडपर्यंत ट्रकांची वर्दळ होती. पुढं मोठा रस्ता सोडून उंडणगावकडं वळलो आणि एकदम सगळं शांत झालं. हा माझा आवडता रस्ता. मक्याची शेतं, मग हळदा गाव, आणि गाव संपलं की अजिंठ्याच्या डोंगरात उतरणारा घाट. साखळीची बारीक करकर आणि आपला श्वास, एवढंच ऐकू येतं. सागाची पानं भिजून जड झाली होती. वेताळवाडीचा किल्ला ढगात अर्धा बुडाला होता. इतक्या वेळा आलो होतो मी इथं, पण या रस्त्यानं कुणाचं तरी काही नेतोय असं पहिल्यांदाच होत होतं. नेहमी मी उतारावर सायकल सुसाट सोडतो. त्या दिवशी तांब्याकडं बघत, ब्रेक दाबत, म्हातारा माणूस जिना उतरतो तसा उतरत होतो. आणि गंमत म्हणजे मला ते आवडत होतं.

अर्धा घाट उतरलो आणि पुढचं चाक बसलं. बाभळीचा काटा. पंक्चर ही माझ्यासाठी काही मोठी गोष्ट नाही, जवळ दुसरी ट्यूब होती. पण पुढचं चाक काढायचं तर हँडल खाली जाणार, आणि हँडलला तांब्या. म्हणून शिंकं सोडून एका फांदीला टांगलं. पाना हातात घेतोय तोच वरून वानरं आली. एकानं फडक्याला हात घातलासुद्धा. मी ओरडत धावलो आणि तांब्या छातीशी धरला. वानरं जरा मागं सरकली आणि तिथंच बसून बघत राहिली, जशी काही त्यांची पाळी येणार होती. शिंकं गळ्यात घालून वाकून पाहिलं, तर पाणी सांडायला लागलं. सायकल ढकलत पायी जावं तर एसटी गेली. आजूबाजूला चिटपाखरू नाही, फोनला रेंज नाही.

खरं सांगतो, तेव्हा मनात आलं, की ठेव खाली. कोण बघतंय? घरी जाऊन सांग, टेकवला नाही. मी वाकलोही. पण उशीला टेकून शिंक्याकडं बघणारी सुनंदा डोळ्यांसमोर आली आणि हात खाली जाईना. मला रडू आलं. पन्नाशीचा माणूस मी, घाटात एकटा तांब्या कवटाळून उभा, आणि म्हणतोय, आता काय करू रे बाबा? कुणाला म्हणालो ते माझं मलाच माहीत नाही.

खालून मोटरसायकलचा आवाज आला. मागं चादरींचं मोठं गाठोडं, त्यावर प्लास्टिक बांधलेलं, आणि गाडीवर पांढऱ्या दाढीचा, डोक्यावर जाळीची टोपी घातलेला माणूस. थांबून म्हणाला, "क्या हुआ, काका?" वयानं तोच मोठा असेल. मी तांब्याची अडचण सांगितली. त्यानं हात शर्टाला पुसले आणि विचारलं, "माझा हात चालंल ना?"

"चालेल म्हणजे काय, दुसरा आहेच कुठं इथं," मी म्हणालो.

त्यानं तांब्या घेतला. मी चाक खोललं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "बसलं तर चालतं का?" मला माहीत नव्हतं. "मग उभाच ऱ्हातो," तो म्हणाला. भुरभुर पाऊस सुरू झाला होता. त्याच्या खिशातला फोन वाजायला लागला, कारण घाटात नेमकी तेवढ्याच वळणावर त्याच्या कंपनीची रेंज होती. वाजून थांबला, पुन्हा वाजला. "घरवाली हाय. लई चिडणार आज," तो हसून म्हणाला, पण त्यानं हात सोडला नाही.

मग त्यानं विचारलं, पाणी कशासाठी? आणि टायरमध्ये बोटं घालून काटा चाचपत, खाली मान घालून, मी त्याला ते सांगितलं जे मुलीलाही सांगितलं नव्हतं. म्हटलं, बायको टेबलावरून उठली नाही तर मी काय करू? सगळे मला विचारतात, तिला धीर दिलास का? मला कोण देणार? मला भीती वाटतेय.

त्यानं तांब्या या हातातून त्या हातात घेतला. मला वाटलं, ऐकलं नसेल. मग म्हणाला, "तुम्ही तुमचं काम करा, काका. हे मी धरलंय."

एवढंच. मला काय झालं सांगता येत नाही, पण बोटांना काटा सापडला. ट्यूब बसली, हवा भरली. तांब्या शिंक्यात ठेवताना तो म्हणाला, "बऱ्या होतील वहिनी, इन्शाअल्ला." गाडीला किक मारली आणि धुक्यात वर निघून गेला.

रुद्रेश्वराच्या लेणीत पोचलो तेव्हा बाहेर धबधबा पडत होता. पिंडीवर पाणी घातलं. मागायचं म्हणून गेलो होतो, पण काही मागायचं सुचलं नाही. नुसतं म्हटलं, आणलंय. एसटी सुटताना कंडक्टरला विनवून सायकल चढवली.

घरी सुनंदा आवरून बसली होती. "टेकलं नाही ना?" तिनं विचारलं. मी सगळं सांगितलं, वानरांसकट. दुसऱ्यानं धरलं ते चालेल का, याची मला धास्ती होती. ती म्हणाली, "अहो, बाबा कधी एकटे जायचे नाहीत. पाच-सहा जण असायचे. एक जेवायचा, एक धरायचा. एकट्याला जमतंच कुठं ते?"

आठवडाभर ज्याला त्याला विचारत फिरलो होतो, आणि उत्तर हे होतं. निदान माझ्यापुरतं हेच आहे. टेकवायचं नाही म्हटलं, की दुसरा माणूस लागतोच.

"त्यांचं नाव काय?" तिनं विचारलं. मी तोंड उघडलं आणि तसाच राहिलो. "तुम्ही नाव विचारलं नाही? तुम्ही?" ती म्हणाली आणि धाप लागेस्तोवर हसली. मुलगी म्हणाली, बाबा, देवच असेल तो. मला तसं वाटत नाही. त्याला बायको रागावणार होती, तो भिजला होता, आणि त्याला उशीर झाला होता. पण त्याला त्या वळणावर कुणी धाडलं, हे मात्र मी विचारत नाही. माझ्यासारख्या माणसानं एक प्रश्न न विचारता सोडला, हीच मला मोठी गोष्ट वाटते.

सोमवारी सकाळी सुनंदाला आत नेलं. दारापर्यंत तिचा हात माझ्या हातात होता. तिथं एका नर्सबाईंनी तो अलगद सोडवून आपल्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "काका, इथून पुढं आम्ही." दार बंद झालं. माझे हात रिकामे झाले. घाबरलो नाही असं म्हणणार नाही. पण मी बाकावर बसलो, डोळे मिटले, आणि मला तो भुरभुर पाऊस दिसला, आणि त्यात तांब्या धरून उभा असलेला माणूस. फोन वाजत होता, तरी तो बसत नव्हता.