लाँड्रीमागचा उतार

इस्पितळाच्या लाँड्रीत चादरी दाबता दाबता इस्त्रीकाकूंचं आयुष्य वाफेत गेलं. बर्फ त्यांनी पाहिला तो फ्रीजमधला. तरी डोंगरांतून जाणारी ती लांबलचक पायवाट दरवर्षीच्या रजेत तुकड्यातुकड्यानं चालत त्यांनी संपवत आणली होती. उरल्या होत्या फक्त बर्फाच्या खिंडी.

"तेवढं गाळून बसनं पलीकडे उतरा ना, वहिनी," धाकटा दीर म्हणाला. "कोण बघायला येतंय?"

"मी असते ना तिथे," काकू म्हणाल्या.

वाटाड्यानं मात्र अट घातली होती. घसरल्यावर बर्फात गिर्यारोहणाच्या कुऱ्हाडीचं टोक रोवून स्वतःला थांबवता आलं तरच पुढे, नाहीतर पायथ्यावरूनच परत. आणि काकूंच्या उजव्या हाताची दोन बोटं चादरींच्या यंत्रानं कधीच नेलेली. त्या हाताची मूठ वळत नव्हती.

मग त्यांनी लाँड्रीमागचा उतार धरला. रबरी एप्रन घालून ओल्या गवतावरून त्या घसरायच्या, पोटावर वळायच्या, कुऱ्हाड डाव्या खांद्याखाली दाबायच्या आणि पाय वर उचलायच्या. बर्फावर चालताना बुटाखाली बांधायचे लोखंडी दात घसरताना अडकले तर माणूस उलटा फेकला जातो, हे त्यांनी घोटून ठेवलं होतं. ढकलायला कपडे वाळवणारी मैत्रीण असे.

"सांगून ढकलू का गं?"

"पाय सटकताना सांगून सटकतो होय? ढकल मेले!"

वरच्या खिडक्यांतून हसू सांडायचं. संध्याकाळी त्यांच्या सोललेल्या कोपरांना मलम लावताना नवरा पुटपुटायचा, "या वयात बायका नातवंडांना घसरगुंडीवर नेतात."

"नेईन की. आधी मला तर शिकू द्या!"

पायथ्याशी वाटाड्याची नजर नेमकी हातावर गेली. "मावशी, हा हात?"

"तो नुसता सोबतीला आलाय. काम दुसरा करतो."

बसून घसरल्या, थांबल्या. पाठीवर घसरल्या, थांबल्या. मग त्यानं डोकं खाली करून सोडलं. पहिल्यांदा टोक निसटलं. काकू गरगरत गेल्या, तोंडात बर्फ भरला. दुसऱ्यांदा रोवलेलं टोक बर्फ चिरत गेलं आणि शेवटी रुतलं.

"बरंच खाली गेलात," वाटाड्या वरून ओरडला.

"थांबले की नाही?"

"थांबलात, पण—"

"पण काय ते मी वर आल्यावर बोला."

धापा टाकत त्या वर आल्या. त्यानं तोंड उघडण्याआधीच डोकं उताराकडे करून बर्फावर आडव्या झाल्या.

"हं, सोडा."